झाकण उघडल्यावरचा आवाज

पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडताना एखाद्या गाडीतून ‘फुस्स’ असा आवाज येतो. अगदी क्षणभर. बहुतेक वेळा कुणाचं तिकडे लक्ष जात नाही, कारण झाकण उघडणाऱ्याचं सगळं ध्यान आत किती पेट्रोल उरलंय याकडे असतं. उन्हात उभ्या गाडीची टाकी तापते, आत वाफ कोंडते आणि झाकण फिरवलं की ती बाहेर सुटते. तो आवाज वेगळा. इथे सांगायचाय तो उलट दिशेचा, बाहेरची हवा आत ओढली जाण्याचा. झाकण उचलताना ते किंचित चिकटल्यासारखं वाटतं, मग एकदम सुटतं आणि टाकी खोल श्वास घेते.

असा आवाज ज्या गाडीतून आला तिचं दुखणं तीन आठवडे जुनं होतं. १२५ सीसीची, एका सिलिंडरची साधी मोटरसायकल, कार्बोरेटरवाली, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारं जुन्या पद्धतीचं यंत्र असलेली. सकाळी पहिल्या किकला सुरू व्हायची, स्लोवर, म्हणजे मूठ न पिळता, घड्याळासारखी टकटक चालायची आणि दहा-बारा किलोमीटर झकास जायची. मग पिकअप उतरायचा, दोन-तीन आचके बसायचे आणि गाडी मान टाकायची. दहा-पंधरा मिनिटं कडेला उभी केली की पुन्हा सुरू. प्लग बदलून झाला. कार्बोरेटर दोनदा खोलून साफ झाला. ‘गरम झाली की बंद पडते आणि थंड झाली की चालते, म्हणजे कॉइल’ या हिशेबाने प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी कॉइल बदलली, पाठोपाठ ठिणगीची वेळ ठरवणारी पल्सर कॉइलही. फरक शून्य. शेवटी गाडी बंद पडल्या पडल्या, पेट्रोल तर संपलं नाही ना, हे बघायला मालकाने झाकण उघडलं. फुस्स. टाकी अर्धी भरलेली. झाकण लावलं, किक मारली, गाडी सुरू.

झाकणातलं हवेचं भोक बुजलं होतं, बाकी काही नाही.

या गोष्टीत मला सलतं ते वेगळंच. त्या गाडीवर ज्यांनी हात चालवला ते अडाणी नव्हते. त्यांचा तर्क एका हद्दीपर्यंत अगदी बरोबर होता. खराब कॉइलमधली बारीक तार तापून प्रसरण पावते, आत कुठेतरी जोड सुटतो, ठिणगी जाते. निवली की जोड पुन्हा भिडतो आणि गाडी काहीच झालं नाही अशी सुरू होते. आता बुजलेल्या झाकणाचं बघा. टाकीतलं पेट्रोल खाली जातं तशी त्याची जागा घ्यायला वरून हवा यायला हवी. ती येत नाही, म्हणून आत पोकळी तयार होते, पेट्रोलची धार बारीक होत जाते, कार्बोरेटरच्या वाटीतला साठा हळूहळू संपतो आणि इंजिन उपाशी पडतं. गाडी उभी राहिली की कुठल्याशा फटीतून हवा टाकीत झिरपते, वाटी पुन्हा भरते. दोन्ही दुखण्यांचा चेहरा तोच, वेळही तीच, आणि उतारही तोच. फरक दिसतो तो फक्त गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात. त्या मिनिटात प्लग काढून ठिणगी बघितली, किंवा वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल येतंय का ते पाहिलं, तर निकाल तिथल्या तिथे लागतो. गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडी थंड झालेली असते आणि पुरावा पुसला गेलेला असतो. मग मेकॅनिकच्या हाती राहतो तो अंदाज, आणि अंदाजाने माणूस सुटे भाग बदलत बसतो.

म्हणून गाडी नीट चालत नाही म्हटल्यावर पाना हातात घ्यायच्या आधी विचारायचं ते एवढंच, की कधी? थंड असताना की तापल्यावर? स्लोवर, चढावर, की फुल रेसवर? टाकी भरलेली असताना की रिझर्व्हला आल्यावर? पाऊस पडून गेल्यावर, धुतल्यावर, की महिनाभर उभी राहिल्यावर? ‘गाडी मिसिंग करते’ एवढ्यावर डॉक्टरही औषध देणार नाही. ‘सकाळी चोक ओढला की चालते, चोक बंद केला की मरते’ असं सांगितलं तर निम्मं काम झालंच. चोक हवेची वाट अडवतो, म्हणजे त्याने मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. तापलेली गाडी अर्ध्या चोकवर बरी चालत असेल तर तिला एरवी पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी जास्तीची हवा शिरतेय. चोकने ती आणखी गुदमरत असेल तर पेट्रोल आधीच जास्त आहे. ही परीक्षा एका बोटाने होते, आणि तरीही ती फार कमी लोक करतात.

कार्बोरेटर हे काही एकच एक यंत्र नाही. ॲक्सिलरेटर किती उघडलाय त्याप्रमाणे त्यातले वेगवेगळे भाग कामावर येतात. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा. स्लोपासून साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत राज्य पायलट जेटचं. तिथून पाव भागापर्यंत मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडच्या कापाचं. पावापासून पाऊण भागापर्यंत स्लाइडला लटकलेल्या सुईचं, आणि त्याच्यापुढे मेन जेटचं. सीमा एकमेकींत मिसळलेल्या असतात, पण निदानाला एवढा नकाशा पुरतो. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्विचच्या डबीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावावा, पेनाने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कराव्यात आणि मोकळ्या रस्त्यावर चालवून बघावं. गाडी नेमकी कोणत्या खुणेवर अडखळते ते कळलं की आत कुठे बघायचं तेही कळतं. इथे वेग किंवा आरपीएम बघायचा नाही, मूठ किती फिरलीय ते बघायचं. चौथ्या गिअरला ४० च्या वेगाने जाताना मूठ पावभरही उघडलेली नसते, हे स्वतः खुणा करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

बहुतेक गाड्यांचा आजार पायलट जेटपाशी निघतो, आणि कारण साधं आहे. त्याचं भोक फार बारीक असतं. लहान गाड्यांत साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पितळेचा तो तुकडा चिमटीत धरून उजेडाकडे केला तर पलीकडे लख्ख गोल ठिपका दिसायला हवा. ठिपका अंधुक दिसला, किंवा त्याची एक कड खाल्ल्यासारखी वाटली, तर जेट बुजलाय. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे तपकिरी, चिकट थर उरतो. त्याला जुन्या व्हार्निशसारखा आंबूस वास येतो. एकदा ओळखला की परत चुकत नाही. हा थर काढायला तार घालू नये. पितळ मऊ असतं, तारेने भोक ओरखडतं, मोठं होतं, आणि मग कितीही स्क्रू फिरवले तरी स्लो बसत नाही. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये काही वेळ भिजत ठेवावा आणि दाबाच्या हवेने उडवावा. फारच हट्टी निघाला तर सरळ नवा घालावा. जेट साफ केला आणि तो ज्या वाहिनीत बसतो ती मात्र तशीच ठेवली, तर काम अर्धवटच राहतं. क्लीनरची नळी एका छिद्राला लावून फवारा मारला की तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. आला नाही तर घाण अजून आतच आहे. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण फवारा नेमका चेहऱ्याच्या दिशेने उलटतो.

वाटी काढली की तळाशी वाकून जरूर बघावं. पेट्रोलच्या खाली पाण्याचे थेंब असतील तर ते पाऱ्याच्या गोळ्यांसारखे इकडून तिकडे लोळतात, पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत. पाणी जड म्हणून तळाला, आणि जेट पेट्रोल ओढतो तेही तळाजवळूनच. असा एक थेंब जेटच्या तोंडाशी आला की इंजिन ठेच लागल्यासारखं अडखळतं, थेंब सरला की पुन्हा धावतं. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल प्रमाणाबाहेर गेली की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाला वेगळे बसतात. अशा वेळी कार्बोरेटर कितीही वेळा साफ करा, दोन दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. टाकीच रिकामी करावी लागते.

प्लगकडे बघायला सगळ्यांनाच आवडतं, आणि त्यात गैर काही नाही. प्लग बरंच काही सांगतो. टोकाची चिनीमाती फिकट तपकिरी असेल तर आत सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर मिश्रण कोरडं आहे आणि इंजिन वाजवीपेक्षा जास्त तापतंय. ही खूण बघून पुढे ढकलायची नाही. पण गर्दीतून रांगत आलेल्या, पाच मिनिटं स्लोवर उभ्या असलेल्या गाडीचा प्लग काळाच निघणार. खरा रंग हवा असेल तर गाडी तापवून, मूठ ज्या खुणेवर असताना त्रास होतो तिथेच धरून थोडं अंतर सलग चालवायची, मग त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि थंड झाल्यावर प्लग काढायचा. प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते ती गॅप गेजनेच मोजावी. बऱ्याच लहान गाड्यांना ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागते, काहींना ०.८ ते ०.९. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा खरा. प्लग बसवताना आधी बोटांनी पूर्ण आत जाईपर्यंत फिरवावा. प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, प्लगचे आटे पोलादाचे. तिरका घुसला तर हरणार हेडच.

ठिणगी बघताना प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला नीट टेकलेला हवा. नुसता लोंबकळत ठेवून किक मारली तर विजेला उतरायला वाट मिळत नाही आणि तो ताण कॉइलवर, आणि ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर, म्हणजे सीडीआयवर, येतो. प्लगच्या भोकावर कापड ठेवावं, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. निळसर, चटचट वाजणारी ठिणगी चांगली. पिवळट, पातळ ठिणगी दाबाखाली टिकत नाही. पावसात किंवा धुतल्यावरच मिसिंग होत असेल तर रात्री दिवे मालवून इंजिन चालू ठेवावं आणि प्लगच्या वायरकडे बघत राहावं. रबराला तडा असेल तिथून निळी रेघ इंजिनाकडे उडी मारताना दिसते. काळोखात ती रेघ बघणं हा अजबच अनुभव आहे. जो आजार दिवसभर कुणाला सापडत नव्हता तो समोर स्वतः चमकत असतो. प्लगची टोपी वायरवर स्क्रूसारखी बसते. आतली तार कुजली असेल तर पाच-सहा मिलिमीटर कापून टोपी पुन्हा पिळून बसवली की पुष्कळदा भागतं.

हवेचंही तसंच. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. आकारमानात बोलायचं तर एक लिटर पेट्रोलला साधारण नऊ हजार लिटर हवा. एवढी हवा ज्या फिल्टरमधून जायची त्यावर धुळीचा जाड थर असेल तर गाडी उठणार कशी? कागदी फिल्टर आतून बाहेर हलक्या हवेने झटकावा आणि काळवंडला की बदलावा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण सुकवून, त्यासाठीच्या तेलाचा हलका हात फिरवून पिळावा. याच्या नेमकी उलट तऱ्हा म्हणजे फिल्टरला वळसा घालून येणारी चोरटी हवा. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाला केसासारखी चीर पडली, तर मूठ सोडल्यावरही रेस लगेच खाली येत नाही, वरच रेंगाळते. साबणाचं पाणी त्या जोडावर शिंपडावं. क्षणभर चीर बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो. मिश्रणाचा स्क्रू पिळत बसण्याआधी ही चीर शोधावी. इंजिन चांगलं तापल्यावर तो स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचा, दर वेळी काही सेकंद थांबायचं, रेस सर्वांत वर जाते ती जागा धरायची आणि मग स्लोचा स्क्रू कमी करायचा. मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत पिळताना हलकेच टेकला की थांबायचं. जोर दिला तर त्याच्या टोकावर कायमचा वळ उमटतो.

टॅपेटबद्दल मात्र मला कळकळीने सांगावंसं वाटतं. व्हॉल्व्ह उघडणारा छोटा दांडा म्हणजे रॉकर, आणि रॉकर व व्हॉल्व्ह यांच्यामधली फट ठरवणारा स्क्रू म्हणजे टॅपेट. टॅपेट वाजतात म्हणून घट्ट करून घ्यायची सवय सगळीकडे आहे, आणि ती इंजिनाच्या मुळावर येते. किंचित टिकटिक करणारा टॅपेट कानाला त्रास देतो, पण मुका टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच हेडमध्ये सोडतो. फट उरली नाही तर तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, तो पुरता बंद होत नाही, आणि त्या बारीक जागेतून जळता वायू दर फेऱ्याला सुटत राहतो. बाहेरून दिसतं ते असं: थंड असताना चालू होणारी गाडी तापल्यावर किकला दाद देत नाही, स्लोवर थरथरते, किक पायाला पोकळ लागते. हवेने थंड होणाऱ्या लहान इंजिनांत ही फट साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. ती मोजायची तर इंजिन रात्रभर निवलेलं हवं. प्लग काढून, फ्लायव्हीलवरची, पिस्टन सर्वांत वर असल्याचं सांगणारी ‘टी’ खूण बाहेरच्या खाचेसमोर आणायची आणि दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात का ते बघायचं. हलत नसतील तर तो स्ट्रोक चुकीचा, आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा. फीलर गेजचं, म्हणजे ठरावीक जाडीचं मापाचं पातं आत सरकवलं की ते लोण्यातून सुरी ओढावी तसं हलका रोध देत निघायला हवं. शेवटी नट आवळताना मधला स्क्रू नटाबरोबर फिरतो आणि केलेलं माप बिघडतं. म्हणून स्क्रू धरून नट आवळायचा, आणि पातं पुन्हा एकदा घालून बघायचं.

एवढ्यानेही किक पोकळच राहिली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजणं आलं. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून गेज लावायचं, आकडा टिपायचा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा आणि सिलिंडर झिजलेत. होता तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग.

कधीकधी इंजिन निर्दोष असतं. रेस चढते पण वेग चढत नाही, तेव्हा क्लच घसरतोय. दांड्याला टोकाशी दहा ते वीस मिलिमीटरचा मोकळा खेळ आहे का ते आधी बघावं. गाडी ओढल्यासारखी वाटते आणि थांबल्यावर चाकाचा मधला भाग हाताला चटका देतो, तेव्हा ब्रेक लागून राहिलाय. असल्या गाड्यांचे कार्बोरेटर विनाकारण खोलले जातात याचं वाईट वाटतं.

कार्बोरेटरऐवजी पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत जेट नाहीत, पण प्रश्न तेच. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद टाकीतल्या पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे. नाही आली तर फ्यूज, रिले, किल स्विच आणि वायरचे जोड या क्रमाने बघत जावं. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर त्या लुकलुकण्याचा क्रम मोजून कोडशी ताडावा. तो कोड कोणत्या सर्किटमध्ये खोट आहे ते सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. सेन्सरच्या नावाचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला, आणि खोट त्याच्या गंजलेल्या कनेक्टरमध्ये निघाली, असं पुष्कळदा घडतं.

इंजिन १४०० आरपीएमवर चालत असताना आत मिनिटाला ७०० वेळा, सेकंदाला जवळपास बारा वेळा स्फोट होतो. त्यातला एक जरी चुकला तरी सवयीच्या कानाला तो कळतो. पण कानाची सवय होते ती सायलेन्सरशी शांत उभं राहिल्यावरच, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलल्यावर. प्लग, फिल्टर आणि मिश्रणाचा स्क्रू एकाच दुपारी बदलले तर गाडी सुधारेलही, पण कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही. साधी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय बदललं, काय झालं.

त्या १२५ सीसीच्या गाडीचं झाकण शेवटी खोललं गेलं. आतल्या बाजूच्या पत्र्याचे तीन बारीक स्क्रू, खाली रबराची चकती, एक स्प्रिंग, आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक. धूळ, गंज आणि पेट्रोलचा राप यांनी ते सिमेंटसारखं भरलं होतं. तिथे नायलॉनचा धागा आणि क्लीनर पुरे होतो. भोक ड्रिलने मोठं करायचं नाही, नाहीतर गाडी कलंडली की पेट्रोल गळतं आणि पावसाचं पाणी आत जातं. नव्या गाड्यांत टाकीची वाफ नळीने कोळशाच्या डबीत जाते. ती नळी सीटखाली दुमडली तरी हेच दुखणं होतं. झाकण पुन्हा जोडून आतल्या बाजूला नळी लावून फुंकर मारली. हवा किंचित अडखळत, पण गेली.

मग गाडी पंधरा किलोमीटर सलग चालली. जिथे ती नेहमी मान टाकायची ते वळण आलं आणि मागे पडलं. पुढे सावलीत थांबून, इंजिन बंद करून, झाकण उघडलं. पेट्रोलचा वास वर आला. आवाज काहीच नाही.